तळपायाची आग आणि ‘मूळ कारणा’चं पॅकेज

प्रश्न : माझे थोरले बंधू पंचेचाळिशीला आलेत. आमच्या तेरखेड्यातच फटाक्याच्या कारखान्यात बरीच वर्षं कामाला आहेत. पाच वर्षांपासून त्यांना साखर आहे. साखरेच्या दोन आणि पित्ताची एक अशा गोळ्या रोज चालू आहेत. तरी थकवा जात नाही, पायांना मुंग्या येतात, रात्री तळपायांची आग होते. अंगानं किरकोळ आहेत, पोट तेवढं सुटलंय. घर माळकरी, अंडं-मटण चालत नाही. पुण्यातला पुतण्या म्हणतो, तिथे ‘फंक्शनल मेडिसिन’वाले आहेत, ते गोळ्या वाढवत बसत नाहीत, आजाराचं मूळ शोधतात आणि अंगात साठलेले धातूही बाहेर काढतात. तपासण्यांच्या पॅकेजचा आकडा ऐकून आम्ही गप्प बसलो. वेळ पडली तर म्हैस विकू, पण आधी हे काय आहे ते सांगा. हे सगळं फटाक्याच्या दारूमुळे झालं असेल का?
ता. क. : आई विचारते, भाकरी बंद करून चपाती द्यावी का?
– एक वाचक, तेरखेडा (ता. वाशी, जि. धाराशिव)

उत्तर : म्हैस विकू नका. एवढं आधी सांगून टाकतो, बाकीचं सावकाश.

‘फंक्शनल मेडिसिन’ हे प्रकरण अमेरिकेतलं. जेफ्री ब्लँड नावाच्या जीवरसायनशास्त्रज्ञाने हा विचार मांडला आणि १९९१ मध्ये पत्नी सुझन यांच्याबरोबर त्यासाठी एक संस्था काढली. आजाराला एक नाव द्यायचं आणि त्या नावापुढे ठरलेली गोळी लिहायची, याला त्यांचा आक्षेप. त्याऐवजी शरीराचं कोणतं काम बिघडलं आणि ते का बिघडलं, हे पाहा, असं ते म्हणतात. थकवा एकच दिसतो, पण एकाचा रक्त कमी म्हणून, दुसऱ्याचा थायरॉइडमुळे, तिसऱ्याचा रात्रीची झोप नीट होत नाही म्हणून. उलट बाजूने, पोटावरची चरबी हे एकच कारण एखाद्याच्या घरात साखर, रक्तदाब आणि यकृतावरची चरबी असे तीन पाहुणे आणून बसवतं. वैद्यांना यात नवं काही वाटणार नाही. निदानपरिवर्जन, म्हणजे आजाराचं कारण आधी दूर करा, हे आयुर्वेदात पहिल्यापासून आहे.

या डॉक्टरांची पहिली भेट तास-दीड तास चालते. जन्म कसा झाला, लहानपणी कोणते आजार झाले, काम काय, झोप किती, ताटात काय, घरात कोण गेलं आणि कधी, असं सगळं एका कालरेषेवर मांडतात. मग त्याचे तीन भाग पाडतात : माणूस आधीपासून काय घेऊन आला, आजाराची ठिणगी कशाने पडली आणि तो अजून धुमसतोय तो कशामुळे. तेरखेडेकरांना ठिणगीचा अर्थ मी सांगायला नको.

इथवर कुणाचंच भांडण नाही. ज्या देशात ओपीडीत चिठ्ठी हातात पडेपर्यंत डॉक्टरांनी मान वर केली तरी पुष्कळ, तिथे तासभर ऐकून घेणारा माणूस भेटला की निम्मं दुखणं कमी झाल्यासारखं वाटणारच. पुतण्याला भुरळ पडली ती याचीच, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

उपयोग होतो का, हेही पाहू. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक या नावाजलेल्या रुग्णालयाने २०१४ मध्ये फंक्शनल मेडिसिनचा स्वतंत्र विभाग सुरू केला. तिथल्या रुग्णांची तुलना नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे जाणाऱ्या रुग्णांशी करून २०१९ मध्ये निष्कर्ष छापले गेले. रुग्णांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीनुसार सहा महिन्यांनी तब्येतीत ठळक सुधारणा झालेले नव्या विभागात शंभरातले ३१ निघाले, फॅमिली डॉक्टरकडचे २२. वर्षाअखेरीला मात्र दोन्हीकडच्या रुग्णांत ठामपणे दाखवता येईल असा फरक उरला नाही. शिवाय कोण कुठे जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. जो खिशातून पैसे घालून, वाट पाहून अशा विभागात जातो, तो घरी जाऊन पथ्यही नीट पाळतो. म्हणजे गुण पद्धतीचा किती आणि माणसाच्या जिद्दीचा किती, हे या अभ्यासावरून वेगळं काढता येत नाही.

खरी गडबड कालरेषेनंतर सुरू होते. मूळ शोधायचं म्हणून शंभर-सव्वाशे तपासण्यांचं पॅकेज पुढे येतं. लॅबच्या कागदावर आकड्याशेजारी ‘नॉर्मल’ची जी मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक वेळा निरोगी माणसांतल्या ९५ टक्के लोकांना सामावून घेईल अशी आखलेली असते. म्हणजे धडधाकट माणसाचीही एखादी तपासणी विसातून एकदा मर्यादेबाहेर पडायची. शंभर तपासण्या केल्या की चार-पाच आकडे ठळक अक्षरांत येणारच, आणि मग त्या प्रत्येकासाठी एक डबी. त्या डब्या पुष्कळदा त्याच काउंटरवर मिळतात. सल्ला देणारा आणि विकणारा एकच असला की मला शंका येते, मग तो कोणत्याही पॅथीचा असो.

पॅकेजमधल्या काही तपासण्या तर पायाच नसलेल्या. रक्तातल्या आयजीजी प्रतिपिंडांवरून ‘तुम्हाला गहू चालत नाही, दूध चालत नाही’ अशी दोनशे पदार्थांची यादी देतात, ती त्यातली एक. आयजीजी हे बहुतेक वेळा तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच सांगतं. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनांनी ही तपासणी करू नका असं स्पष्ट सांगितलंय. माळकरी माणसाचं दूध अशा कागदावरून बंद केलं तर काय होईल, ते पुढे येतंच आहे.

आता बंधूंकडे वळू. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण फंक्शनल मेडिसिनचा प्रश्न जसाच्या तसा घेऊन तुमच्याच पत्राला लावून पाहू : आग कशामुळे?

पाच वर्षांची साखर आणि तळपायांची जळजळ एकत्र आली की पहिला संशय मधुमेहाने नसा दुखावल्याचा, आणि तो रास्त आहे. पण तुमच्या चार ओळींत आणखी तीन बाण एकाच दिशेला दिसतात. पहिला, घर माळकरी. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळतं. तुमच्या बाजूला, भूम-वाशीच्या पट्ट्यात, दूध कुठे जातं हे तुम्हाला ठाऊक आहे : खव्याच्या भट्टीवर. गोठ्यात म्हैस असून घरातल्या माणसाच्या वाटीत दही नाही, असं चित्र दुर्मीळ नाही. दुसरा बाण, साखरेच्या गोळ्यांमध्ये बहुधा मेटफॉर्मिन असणार. पाकिटावर पाहा. गोळी चांगली आहे, स्वस्त आहे, जुनी आहे, पण वर्षानुवर्षं घेतली की काहींच्या आतड्यातून बी-१२ नीट शोषलं जात नाही. तिसरा, रोजची पित्ताची गोळी. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या पोटातलं आम्ल दाबतात आणि अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला तेच आम्ल लागतं. महिनोन्‌महिने ही गोळी चालली की तिथेही गळती. बी-१२ कमी पडलं की काय होतं? थकवा येतो, मुंग्या येतात, तळपाय जळतात.

म्हणजे मधुमेहामुळे नसा गेल्या असं समजून एकाने आणखी एक गोळी वाढवायची, दारूतले धातू साठले म्हणून दुसऱ्याने सलाईन लावायचं, आणि दोघांनीही बी-१२ पाहायचं नाही, असं सहज घडू शकतं. बी-१२ कमी असणं आपल्याकडे दुर्मीळही नाही. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. त्या बायांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणींत बी-१२ कमी निघालं. शेतात राबणाऱ्या, दोन वेळा जेवणाऱ्या बाया होत्या त्या.

याच याज्ञिकांचा एक फोटो जगभर गाजला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो आला. एका बाजूला ते, शेजारी लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या मराठी डॉक्टरांची २१.२. दिसायला किरकोळ, आतून चरबीदार. तुम्ही बंधूंचं जे वर्णन केलंय, ‘अंगानं किरकोळ, पोट तेवढं सुटलंय’, ते याच जातकुळीतलं. आपल्याकडे साखर व्हायला माणूस लठ्ठ दिसावा लागत नाही, आणि वजनकाट्यापेक्षा कमरेभोवतीची टेप खरं बोलते.

तपासायचं कसं? पायांची तपासणी पाच मिनिटांची. डॉक्टर बंधूंना डोळे मिटायला सांगतील आणि नायलॉनचा एक ताठ, बारीक धागा तळव्यावर, अंगठ्याखाली, बोटांच्या मुळाशी टेकवतील. तो वाकेपर्यंतच दाबायचा. धागा असा बनवलेला असतो की वाकताना बरोबर दहा ग्रॅमचा भार पडतो. ‘लागला का?’ एवढाच प्रश्न. जिथे उत्तर येत नाही तिथली संवेदना गेलेली. मग कंपनं तपासायचा काटा घोट्याच्या हाडावर ठेवतात आणि थरथर कधी थांबली ते विचारतात. बी-१२ कमी असलं की ही कंपनाची जाणीव लवकर मंदावते. डॉक्टरांनी पायमोजे काढायला सांगितलं नाही, तर बंधूंनी आपण होऊन काढावेत. साखरेच्या रुग्णाचा पाय वर्षातून एकदा तरी पाहिलाच गेला पाहिजे.

रक्ताच्या तपासण्या मोजक्या पुरतात : तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी, हिमोग्लोबिनसह रक्तपेशींची मोजणी, बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन. बी-१२ साधारण २०० च्या खाली आलं तर कमी म्हणतात, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. कमी निघालं तर उपाय इंजेक्शन किंवा गोळ्या, आणि ते म्हशीच्या किमतीत जात नाहीत. एक सावधगिरी मात्र हवी. ‘रक्तवाढीच्या’ म्हणून नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चालू ठेवू नका. त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. आणि मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी या लेखावरून बंद करू नका. पित्ताची गोळी खरंच रोज हवी का, एवढं डॉक्टरांना विचारा. कितीतरी लोक कधीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी वर्षानुवर्षं घेत असतात.

आता फटाक्याची दारू. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि तो तुम्ही शेवटी विचारलात.

इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी नावाच्या डॉक्टरने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. आरसे बनवणारे, कुंभार, खाणीतले मजूर, एकेकाच्या धंद्यातून त्याला काय जडतं ते त्याने नोंदवलं आणि डॉक्टरांना बजावलं की रुग्णाला जे प्रश्न विचारता त्यात आणखी एक घाला : काम काय करता? सव्वातीनशे वर्षं झाली, अजून तो प्रश्न केसपेपरवर सहसा दिसत नाही. ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘मजुरी’ एवढंच लिहून मोकळे होतात. कसली मजुरी, दारू कालवता की वाती बसवता, खोलीला खिडकी आहे का, डबा कुठे खाता, हे कोण विचारणार? मूळ कारण शोधणारं वैद्यक म्हणायचं तर मला हे पहिलं वाटतं.

सोलापूर-धुळे महामार्गावरचं तुमचं गाव तोफांसाठी आणि सुतळी बॉम्बसाठी मराठवाड्याबाहेरही ओळखलं जातं. आवाजाच्या मालात मुख्यतः सोरा, गंधक आणि ॲल्युमिनियमची पूड. रंगाच्या मालात हिरव्यासाठी बेरियम, लालसाठी स्ट्रॉन्शियम. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फटाक्यांत शिसं, पारा, आर्सेनिक, अँटिमनी, लिथियम यांच्या वापराला मनाई केली आणि २०१८ मध्ये बेरियमच्या क्षारांवरही बंदी घातली. तुमच्या कारखान्यात नेमकं काय वापरतात ते बंधूंनाच ठाऊक, आणि डॉक्टरांना ती नावं सांगता आली पाहिजेत.

यातली प्रत्येक वस्तू अंगात वेगळी वागते, आणि ‘धातू साठले’ हे एकच वाक्य सगळ्यांना लागू पडत नाही. गंधकाची धूळ डोळे, त्वचा, श्वासनळ्या चुरचुरवते. खोकला, दम वाढवते. ॲल्युमिनियमची बारीक पूड वर्षानुवर्षं हुंगली तर फुप्फुसांत बसते. रक्तात उतरलेलं ॲल्युमिनियम मात्र धड मूत्रपिंड लघवीतून बाहेर टाकतं. विरघळणारं बेरियम पोटात गेलं तर रक्तातलं पोटॅशियम झपाट्याने खाली येतं, स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके चुकतात. हे काही तासांत होतं, वर्षानुवर्षं तळपाय जाळत नाही. शिसं आणि आर्सेनिक नसांना खरंच इजा करतात. त्यातलं शिसं हाडांत दशकांनी मोजावं इतका काळ ठाण मांडतं. म्हणून तळपायांच्या आगीसाठी धातूंचा संशय घ्यायचाच असेल तर तो या दोघांचा घ्या.

शिशासाठी साधी तपासणी आहे : रक्तातलं शिसं. हातातून रक्त काढायचं, बस्स. आर्सेनिकसाठी लघवी, त्याआधी दोन-तीन दिवस समुद्रातले मासे खायचे नसतात, पण तो प्रश्न तुमच्या घरी नाही. काही ठिकाणी आधी धातू ओढून काढणारं औषध देतात आणि मग लघवी तपासतात. असं औषध दिल्यावर कुणाच्याही लघवीत धातू वाढलेले दिसतात, कारण थोडेफार आपल्या सगळ्यांच्याच अंगात असतात. मग तो कागद औषध न घेतलेल्या माणसांच्या मर्यादेशी ताडून ‘विष भरलंय’ म्हणून दाखवतात. अमेरिकेतल्या विषवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने या प्रकाराला आधार नाही आणि अपाय होऊ शकतो, असं जाहीर केलंय. धातू काढायची सलाईनं म्हणजे केमिस्टकडचं टॉनिक नव्हे. अमेरिकेत २००५ मध्ये अशा उपचारात चुकीचा क्षार दिला गेला आणि रक्तातलं कॅल्शियम कोसळून पाच वर्षांचा मुलगा दगावला. शिशाची खरी, मोठी विषबाधा असेल तर हीच औषधं जीव वाचवतात, पण ती रुग्णालयात, आकडा हातात घेऊन.

आणि शिसं शोधायचंच तर एका जागी आणखी पाहा. घरात साखरेसाठी कुठलं चूर्ण, भस्म, ‘मुळासकट साखर घालवणाऱ्या’ पुड्या चालू आहेत का? आठवडी बाजारात, महामार्गावरच्या तंबूत मिळतात त्या. तुम्ही पत्रात लिहिलं नाही म्हणजे नसतीलच असं नाही; पुड्यांचं कुणी सांगत नसतं. अमेरिकेत इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची तपासणी करून २००८ मध्ये निष्कर्ष छापले गेले, तेव्हा पाचातल्या सुमारे एका औषधात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. नोंदणीकृत वैद्याने विचार करून दिलेलं औषध वेगळं आणि नाव-गाव नसलेली पुडी वेगळी. पुडी असेल तर ती पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या.

कामाचं म्हणाल तर अंगातली धूळ काढण्यापेक्षा अंगात जाणारी अडवणं सोपं. दारू कालवण्याच्या जागेत कोरडा झाडू नको, ओल्या फडक्याने पुसायचं. तोंडाला रुमाल पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क हवा. डबा कामाच्या जागेपासून दूर, साबणाने हात आणि तोंड धुऊन मगच उघडायचा. तंबाखू मळायची सवय असेल तर त्याच हाताने दारूही तोंडात जाते, हे त्यांना रागावून न सांगता एकदा दाखवून द्या. कामाचे कपडे घरी पोरांच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. आणि स्फोटाची जोखीम तर या सगळ्याच्या वर आहे, ती कुठल्याच रक्त तपासणीत दिसत नाही. मुंग्या येणाऱ्या, सुन्न पायांनी असल्या ठिकाणी वावरणं यासाठीही धोक्याचं; मालकाला सांगून काम बदलून मागायला हे कारण पुरेसं आहे.

पुतण्या म्हणतो ते ‘गोळ्या न वाढवता साखर उतरवणं’ मात्र थोतांड नाही. ब्रिटनमध्ये ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास झाला, ३०६ रुग्णांवर. निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण सव्वाआठशे-साडेआठशे कॅलरींवर ठेवलं आणि साखरेच्या गोळ्या बंद केल्या. वर्षाअखेरीला त्यांच्यातले ४६ टक्के गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते, दोन वर्षांनी ३६ टक्के. पुढे वजन परत आलं तशी साखरही परत आली. साखर होऊन सहा वर्षं व्हायच्या आतले आणि इन्शुलिन न लागणारे रुग्ण त्यात घेतले होते, म्हणजे बंधू अजून त्या खिडकीत आहेत. पण ते सगळे वजनदार होते, बंधू किरकोळ आहेत, हा फरक विसरायचा नाही.

आपल्या बाजूला याच विचाराचा सगळ्यात मोठा प्रयोग पॅकेजशिवाय झाला. तेव्हा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या कल्पनेवरून दोनदाच जेवायचा आग्रह धरला : खऱ्या भुकेच्या दोन वेळा ओळखा, ५५ मिनिटांत जेवण संपवा, मधे पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. खाल्लं की इन्शुलिन सुटतं आणि सतत सुटत राहिलं की शरीर त्याला दाद देत नाही, हा त्यांचा मूळ मुद्दा. सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी आणि उपाशीपोटीचं इन्शुलिन तपासायला ते सांगतात. २०१८ च्या सुमाराला गावोगाव ‘दीक्षित की दिवेकर’ असे वाद रंगले, कारण आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडं थोडं, वेळेवर खा म्हणत होत्या. ५५ मिनिटांचा हिशोब सगळ्या तज्ज्ञांना पटलेला नाही, मलाही तो आकडा जरा जास्तच नेमका वाटतो. पण सल्ला फुकट, व्याख्यान फुकट, विकायला डबी नाही. चहाबरोबर पोह्यांची बशी आणि बशीनंतर बिस्किटं यातून लाखभर माणसं जरी बाहेर आली असतील तरी ते काम कमी नाही.

बंधूंनी मात्र हे आपल्या मनाने सुरू करायचं नाही. त्यांच्या दोन गोळ्यांपैकी एक ग्लिमेपिराइडची असेल तर ती पोटात अन्न असो-नसो इन्शुलिन सोडायला लावते. गोळी घेतली आणि जेवण टाळलं तर साखर एकदम उतरते : घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. हे दारूच्या खोलीत घडलं तर काय, याचा विचार करा. आधी डॉक्टरांकडून गोळीचा डोस ठरवून घ्यायचा, मग जेवणाच्या वेळा बदलायच्या.

पुण्यात जायचंच ठरलं तर एक गोष्ट पाहून घ्या. भारतात फंक्शनल मेडिसिन नावाची मान्यताप्राप्त एमडी किंवा डीएनबी नाही. ही पाटी एमबीबीएस-एमडी झालेला डॉक्टर लावतो, तशी बाहेरचं प्रमाणपत्र घेतलेला आहारसल्लागारही लावतो. नोंदणी क्रमांक कोणत्या परिषदेचा आहे ते विचारा. पण त्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे रक्तदाब आणि साखर फुकट पाहतात, आणि तीस वर्षांवरच्या घरातल्या सगळ्यांची पाहतात, वहिनींचीही. तिथे काम भागलं नाही तर धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची ओपीडी आहे. तासभर तिथे कुणी ऐकणार नाही, म्हणून कालरेषा घरीच एका कागदावर लिहून न्या : साखर कधी निघाली, मुंग्या कधी सुरू झाल्या, कारखान्यात कोणत्या वर्षी कोणतं काम, कारखान्याला सुट्टी असली की आग कमी होते का. गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत. डॉक्टरांचं अर्धं काम होतं आणि तुम्हाला ‘नर्व्हचा त्रास आहे’ एवढं ऐकून परत यावं लागत नाही.

आईंना सांगा, चपाती नको, भाकरीच ठेवा. शाळूची असेल तर उत्तम. रेशनवर गहू-तांदूळ मिळायला लागल्यापासून आपल्याकडच्या ताटातली ज्वारी उगाच मागे सरली. पण भाकरीने साखर वाढत नाही असं मात्र नाही. तीन भाकरी कोरड्यासाबरोबर खाल्ल्या तर ती वाढणारच. दीड-दोन भाकरी, वाटीभर हरभऱ्याची किंवा मटकीची उसळ, कांदा-काकडी, आणि घरच्या दुधाचं वाटीभर दही. त्या दह्यासाठी भट्टीवर जाणाऱ्या दुधातलं अर्धा लिटर रोज घरी राहू द्या.